ऊनदऱ्याच्या कुंडावर न सांगता

आमच्या जिल्ह्यात गरम पाण्याचं कुंड आहे असं मी सांगितलं की पुण्या-मुंबईची सोडाच, खुद्द नगरची माणसं हसतात. 'नगरला गार पाण्याची मारामार, तुम्हाला गरम कुठून मिळालं?' असं वर विचारतात. मी वाद घालत नाही. संगमनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून एक वाडी आहे, तिथं दगडातून कढत पाणी येतं. वाडीचं खरं नाव लिहिलं तर पुढच्या सुट्टीत गाड्यांची रांग लागेल, म्हणून इथं तिला ऊनदरा म्हणते.

मी पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. लोक 'पाणीवाल्या मॅडम' म्हणायचे. लग्नकार्यात मी पंगतीला बसले की वाढपी माझ्या पेल्यात पाणी ओतताना बिचकायचा, आणि मीही बघितल्याशिवाय प्यायची नाही. नवरा म्हणायचा, 'अगं, लोकांकडे आलोय, छाप्यावर नाही.' स्वभाव तसाच आहे, आता काय बदलणार?

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. बाटली भरायची आणि आणायची. पण जंतूंची तपासणी करायची तर ती बाटली आधी वाफेवर निर्जंतुक केलेली असते, बुचाला कागद बांधलेला असतो. ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळा गाठायची. मग ते पाणी थोडं थोडं नळ्यांमध्ये घालून सदतीस अंशाच्या उबदार कपाटात दोन दिवस ठेवायचं. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी घातलेली असते. पाण्यात घाणीचे जंतू असले की ते वायू सोडतात आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. तीस वर्षं मी बुडबुडे मोजत बसले म्हटलं तरी चालेल.

गरम झऱ्याची गंमत निराळी. ऊनदऱ्याला मी पहिल्यांदा गेले तेव्हा कढत पाण्यात थंडगार बाटली बुडवली आणि ती हातातच तडकली. गाडीचा चालक हसून हसून बेजार. दुसऱ्यांदा बाटली टिकली, पण गरम नमुन्यानं पेटीतला सगळा बर्फ वितळवला. तिसऱ्यांदा कुठे जमलं.

झऱ्याच्या तोंडाशी पाणी इतकं कढत, की बायका फडक्यात तांदूळ बांधून सोडायच्या आणि भात काढायच्या. तिथं जंतू तग धरत नाहीत. पण तिथं कुणी अंघोळ करत नाही. पाणी दगडी पन्हळीतून खाली न्हाणीच्या कुंडात येतं आणि येईस्तोवर अंगाला सोसेल इतकं निवतं. लोकांना वाटतं, गरम म्हणजे शुद्ध. आम्ही जंतू वाढवायला कपाटात जी ऊब देतो, जवळजवळ तीच ऊब न्हाणीच्या कुंडात फुकट असते, हे कुणाला सांगून पटत नाही.

कुंडाची राखण गिरजामावशींकडे. सासऱ्यापासून त्यांच्या घराकडे कुंड धुण्याचा मान. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कुंडाच्या काठावर त्यांची एक खोली, दारात तुळस, शेजारी शेळी. कुंडाच्या तळाला दगडात एक भोक होतं आणि त्यात चिंध्या गुंडाळलेला लाकडी खुंटा. तो उपसला की पाणी ओढ्याला जायचं, मग मावशी काथ्यानं तळ घासायच्या आणि कुंड पुन्हा भरायला सोडायच्या. हे फक्त अमावास्येला. एरवी खुंटा काढायचा नाही, असा तिथला रिवाज.

'पान्यालाबी इसावा लागतो,' मावशी सांगायच्या. 'सारखं उपसलं तर झरा रुसतो.'

दुसरा रिवाज ऊसतोडीच्या माणसांचा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाथर्डी-शेवगावकडची जोडपी घरी परतण्याआधी ट्रॅक्टर वळवून ऊनदऱ्याला यायची. पाच-सहा महिन्यांची पाचट, चिकटा, अंगातला ठणका कुंडात सोडायचा, आणि शेवटी कोयता त्या पाण्यात धुऊन चिंधीत बांधायचा. कोयता धुतल्याशिवाय हंगाम संपला असं त्यांना वाटायचंच नाही. त्या दिवसांत कुंडावर जत्रा असायची आणि मावशी सगळ्यांच्या आत्याबाई व्हायच्या.

आम्ही वर्षातून दोनदा जायचो. आधी दौऱ्याचं पत्र ग्रामपंचायतीला जायचं, कारण नमुना घेताना गावचा एक साक्षीदार लागतो. पोहोचायचो सकाळी दहाला. मावशी नवं लुगडं नेसून उभ्या. काठावर रांगोळी, दांडीवर घडी न मोडलेला पंचा, आणि कुंड असं नितळ, की तळाचा प्रत्येक दगड दिसावा. मी बाटली भरायची, तापमान घ्यायची, मावशींचा गुळाचा चहा प्यायची आणि निघायची.

'मॅडम, डुबकी मारा की येकदा,' त्या दर खेपेला म्हणायच्या.

'मावशी, ड्युटीवर आहे.'

'ड्युटी काय वल्ली हुती व्हय?'

मी हसून पेटी उचलायची. अहवाल दर वेळी स्वच्छ, एकाही नळीत बुडबुडा नाही. 'स्नानास योग्य' असं लिहून मी खाली सही ठोकायची. एकदा शिर्डीकडचा एक हॉटेलवाला आला आणि म्हणाला, 'मॅडम, एकवीस रोग बरे होतात एवढं लिहून द्या, बोर्ड मी रंगवतो.' मी विचारलं, 'एकवीसच का?' तर म्हणाला, 'बोर्डवर तेवढेच बसतात.' त्याला हाकललं, पण मनातून सुखावले होते. आमच्या प्रयोगशाळेत मी नव्या मुलींना सांगायची, 'जिल्ह्यातलं सगळ्यात स्वच्छ पाणी बघायचं तर ऊनदऱ्याला जा.' अहवालात मी शेरासुद्धा मारला होता की देखभाल उत्तम. कसली हुशार होते मी!

मग एका वर्षी पट्टा पडल्यावर आठवड्याभरानं संगमनेरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे तारा नावाची ऊसतोडीची बाई दाखल होती, पंचविशीची. शेवटच्या फडात पायाला कोयता निसटता लागला होता. तशीच ऊनदऱ्याला जाऊन कुंडात तासभर पाय सोडून बसली. पाय सुजून काळानिळा झाला होता. शिवाय कुंडावरून आलेल्या आणखी दोघींच्या अंगावर फोड होते. 'नक्की कुंडामुळेच असं मी लिहून देणार नाही,' डॉक्टर म्हणाले, 'शेतातली मातीही असेल. पण पाणी एकदा बघा.'

मी म्हटलं, 'डॉक्टर, ते पाणी मी स्वतः तपासलंय.' आवाजात गुर्मी होती, अजून आठवते.

तरी निघाले. पत्र पाठवायला वेळ नव्हता. मंगळवार होता, पोहोचायला दुपारचे चार वाजले. कुंडाशी गेले आणि पाय थबकले. पाण्यावर तेलकट तवंग, कडेला साबणाचा फेस, केसांचे पुंजके, पायऱ्यांवर हिरवी बुळबुळ. तळ दिसतच नव्हता. मला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुंडावर आलो.

शेळी सोडून मावशी धावत आल्या. पदर सावरत, कपाळाला हात लावत.

'अगं बया! मॅडम! आवं, सांगून तरी यायचं! कुंड धुतलं असतं की मी!'

मी हातात बाटली घेऊन उभीच राहिले.

'म्हणजे? दर वेळी तुम्ही धुता? मी येणार म्हणून?'

'मंग! तुमी नगरावरनं येनार, आन तुमाला काय घान पानी दावू? पंचायतीचं पत्तर आलं का आदल्या दिशीच खुंटा उपसती. अमुशा असू न्हाईतर नसू. तुमच्यापायी झऱ्याची माफी मागती, पर धुती.'

त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. माझ्यासाठी त्यांनी घरचा रिवाज मोडला होता, दर वर्षी दोनदा. आणि मी त्या पाहुणचाराच्या पाण्यावर सह्या करत आले होते. माणसं वर्षभर अंघोळ करत होती ते पाणी मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी काय केलं? त्यांच्यावर ओरडले. 'मावशी, तुम्ही मला फसवलंत! तिकडं एका पोरीचा पाय जायची वेळ आलीये!' असं काय काय बोलले. वाटेत पंचायतीतून साक्षीदार म्हणून सोबत घेतलेला शिपाई मान खाली घालून उभा. मावशी काठावर बसल्या आणि तोंडात पदर धरून रडायला लागल्या. मी नमुना घेऊन गाडीत बसले. चहासुद्धा घेतला नाही.

परतताना घाट उतरेपर्यंत डोकं थोडं निवलं आणि लाज वाटायला लागली. अंघोळीच्या पाण्याचा नमुना माणसं अंघोळ करत असताना, गर्दी सरताना घ्यायचा, हे मी नव्या मुलींना शिकवायची. स्वतः मात्र सकाळी दहाला घ्यायची, कारण बर्फ टिकतो, चालक वेळेवर घरी जातो आणि माझी घरी जायची पाचची एस.टी. चुकत नाही. मावशींनी केलं ते मायेनं केलं होतं. मी केलं ते सोयीसाठी. ओरडा खायचा तर तो मी खायला हवा होता.

दोन दिवसांनी कपाट उघडलं. प्रत्येक नळीत बुडबुडा. 'स्नानास अयोग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली. आठ दिवसांत कुंडाच्या फाटकाला कुलूप लागलं. कायमचं बंद करायचं की कसं, हे पुढच्या तपासण्यांवर ठरणार होतं. तारा वाचली, पण पायाची करंगळी काढावी लागली. मी भेटायला गेले तर खाटेशेजारी मावशी बसलेल्या, मांडीवर पाच लिटरचा कॅन. कुंडाचं पाणी आणलं होतं, पाय शेकायला!

तारा हात जोडून म्हणत होती, 'आत्याबाई, तुमी बसा, लई बरं वाटतंय. पर त्ये पानी तेवढं न्या माघारी.'

मला हसू आलं आणि रडूही. मावशींनी मला पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारख्या. मी त्यांना बाहेर बाकावर घेऊन बसले.

'मॅडम, कुंडाला कुलूप घातलं,' त्या म्हणाल्या. 'घर हाय मला, खायला हाय. पर सकाळी उठून मी करू काय? माज्या हाताला त्येवढंच येतं.'

पुढच्या आठवड्यात मी नळ्यांची चौकट मांडीवर धरून ऊनदऱ्याला गेले. सरकारी सामान असं हिंडवायचं नसतं, पण गेले. एका ओळीत कुंडाच्या पाण्याच्या नळ्या, दुसऱ्या ओळीत वर झऱ्याच्या तोंडच्या पाण्याच्या, बुडबुड्याविना. मावशींच्या ओट्यावर बसून त्यांना दाखवलं. त्यांनी एकेक नळी उन्हाला धरून बघितली.

'ह्यो येवढासा बुडबुडा पोरीचं बोट खाऊन गेला?'

'हाच नव्हे मावशी. पण त्याच्याच भावकीतला.'

'आन माज्याच कुंडात ऱ्हातो?'

'माणसांच्या अंगावरून येतो. उबेला वाढतो. पाणी रोज बदललं, तळ घासला, की त्याला वाढायला वेळ मिळत नाही. साबण बाहेर, आणि जखम असेल त्यानं कुंडात उतरायचं नाही, बाहेर बादली घ्यायची. कोयतासुद्धा बाहेरच धुवायचा.'

'रोज खुंटा काढायचा?' त्यांनी झऱ्याकडे बघितलं. 'रुसंल त्यो.'

'मावशी, माझ्यासाठी काढत होता तेव्हा रुसला का?'

त्या हळूच हसल्या. 'न्हाई रुसला. तुमच्यावर त्याची मर्जी हाय.'

मग मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागितली. नीट, तोंडानं मागितली, कारण असं मनातल्या मनात मागून काही उपयोग नसतो. आणि म्हटलं, 'आता पत्र येणार नाही. मी न सांगता येईन. सकाळी येईन, संध्याकाळी येईन, सणाला येईन. कधी ते मलाही माहीत नाही. त्या दिवशी जसं पाणी असेल तसं भरून नेईन.'

'या की,' त्या म्हणाल्या. 'कवाबी या.'

देखरेखीखाली कुंड उघडायची तीन महिन्यांची मुदत मिळाली. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा न सांगता. एकदा गर्दीच्या रविवारी, एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकदा दिवस कलताना एस.टी.नं, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन. तीनदा नळ्या कोऱ्या. कुलूप निघालं ते कायमचं. मावशींनी त्या कुलपानं पुढं शेळीचा गोठा बंद करायला सुरुवात केली, असं ऐकलं.

इथं ही हकीकत संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर मला बढती मिळाली. नगरलाच टेबल मिळालं, पंखा मिळाला, फायली मिळाल्या. नमुने दुसरे लोक आणायचे, तेही पिण्याच्या नळाचे. ऊनदऱ्याचं कुंड कुणाच्याच यादीत राहिलं नाही. जाऊ, जाऊ म्हणता नऊ वर्षं गेली. मी निवृत्त झाले. मावशी आहेत की नाहीत, हेसुद्धा कुणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची, खरं तर.

गेल्या चैत्रात संगमनेरला भाचीचं लग्न होतं. सकाळी उठले आणि अचानक वाटलं, जावं. अक्षता दुपारच्या होत्या. रिक्षा ठरवली आणि आठाच्या सुमाराला ऊनदऱ्यात उतरले, भरजरी साडीत.

काठावर रांगोळी होती. दांडीवर पंचा होता, घडी न मोडलेला. कुंड भरत आलं होतं आणि तळाचा दगड न् दगड दिसत होता. एक बाई वाकून पायऱ्या घासत होती, डाव्या पायाला करंगळी नव्हती. शेजारी पालथ्या डब्यावर गिरजामावशी बसलेल्या, कमरेत पार वाकलेल्या, हातात काठी. काठीनं दाखवत होत्या, 'त्या कोपऱ्यात घास. त्या कोपऱ्यात ऱ्हातंय त्ये.'

माझ्या मनात पहिल्यांदा तोच जुना संशय आला. बघा, स्वभाव! मी विचारलं, 'मावशी, आज कुणी यायचंय का?'

त्यांनी मान वर केली. डोळ्यांवर हात धरला. ओळख पटायला थोडा वेळ लागला.

'तुमी,' त्या म्हणाल्या.

'मी येणार हे तुम्हाला कसं कळलं? मलाच आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.'

'आवं, तुमीच म्हनला हुता न्हवं, न सांगता येईन म्हून. मंग रोजच धुवावं लागतंय की.'

तारा काथ्या टाकून उभी राहिली. तिनं कोयता सोडला होता, नवरा-बायको त्याच वाडीत वाट्यानं शेत करत होती. म्हणाली, 'नऊ वर्सं झाली बगा मॅडम. एक दीस खाडा न्हाई. तापात पडली तरी मला उठिवती. म्हनती, आज मॅडम आली म्हंजी? म्या म्हनलं, आत्याबाई, त्या इसरल्या असतील. तर माज्याशी दोन दीस बोलली न्हाई.'

मी काठावर बसले, जरीच्या साडीसकट. मला रडू आवरेना. 'मावशी, मी यायला हवं होतं. मी यायला हवं होतं हो.' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्या पाण्यानं पांढरा, सुरकुतलेला आणि ऊन होता.

'आलाव न्हवं आता,' त्या म्हणाल्या. मग माझ्या पिशवीकडे बघितलं. 'बाटली कुठं हाय?'

बाटली नव्हती. पिशवीत आहेराचं पाकीट आणि पावडरची डबी. मावशींचा चेहरा पडला. नऊ वर्षं रोज परीक्षेला बसलेल्या बाईपुढं परीक्षक रिकाम्या हातांनी येऊन उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'मंग डुबकी तरी मारा,' त्या म्हणाल्या. 'आता कसली ड्युटी?'

ताराचं जुनेर नेसून मी त्या कुंडात उतरले. वीसेक वर्षं मी त्या पाण्यात काचेची नळी, थर्मामीटर, बाटली सगळं बुडवलं होतं, स्वतः कधी उतरले नव्हते. गळ्यापर्यंत ते ऊन पाणी आलं आणि माझ्या गुडघ्यांनी जो सुस्कारा सोडला तो मलाच ऐकू आला. मावशी वरून बघत होत्या, माझ्या तोंडाकडे, निकालाची वाट बघावी तशा.

'कसं हाय?'

'फार छान आहे मावशी. पण नळीत घातल्याशिवाय लिहून देणार नाही.'

'नगाच देऊ,' त्या एकदम खूश होऊन म्हणाल्या.

अक्षता चुकल्या. भाचीची आई अजून बोलत नाही नीट. निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या, काठी टेकत. 'आता कवा येनार?' त्यांनी विचारलं. माझ्या मनात ठरलेलं होतं. अमुक महिन्यातला अमुक वार, अगदी जिभेवर होता. त्यांचा वाकलेला पाठीचा कणा बघून वाटलंही, सांगून टाकावं. बाईला थोडी उसंत मिळू दे. मग पायरीवर बसून कुंडाच्या पाण्यानं चूळ भरणारी ताराची दोन लेकरं दिसली.

'सांगत नाही,' मी म्हटलं.

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. 'नगा सांगू.'

प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडून एक निर्जंतुक बाटली मागून आणली आहे, बुचाला कागद बांधलेली. देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे. कधी जाणार ते मात्र इथंही लिहीत नाही. ताराला वाचता येतं, आणि हा अंक तिच्या हाती पडला तर ती मावशींना वाचून दाखवल्याशिवाय राहायची नाही.